घर जोत्यावर का थांबते?

महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत एखादे तरी जोते असे दिसते, ज्यावर घर नाही. दगडविटांचा चौथरा बांधलेला, आत मुरूम भरलेला, कोपऱ्यांवर गंजलेल्या सळया उभ्या आणि मधोमध गवत. कुठे भिंती चौकटीपर्यंत चढलेल्या असतात आणि वर ताडपत्री ओढलेली असते. घरकुल मंजूर झालेले असते, पहिला हप्ता खात्यात आलेला असतो, बांधणारे जोडपे तरुण आणि धडधाकट असते. तरीही काम थांबते. एक पावसाळा मध्ये गेला की बहुधा आणखी दोन जातात.

याचे नेहमीचे उत्तर ‘पैसे पुरले नाहीत’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण तेवढ्याच रकमेत त्याच आळीतले दुसरे घर उभे राहिलेले असते. घर नेमके कशाने अडते हे कळले, तर गरीब घरातल्या तरुणाला किंवा तरुणीला हात देऊ पाहणाऱ्याने तो कुठे आणि केव्हा द्यावा, हेही कळते.

रक्कम आणि तिचे तुकडे

ग्रामीण घरकुलांची केंद्रीय योजना १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना या नावाने सुरू झाली. १ एप्रिल २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, तर ४० टक्के राज्याचा असतो. राज्याच्या स्वतःच्या योजनाही आहेत : अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास.

मूळ अनुदानाला आणखी तुकडे जोडलेले असतात. घर बांधताना कुटुंबाने स्वतः केलेल्या अकुशल कामासाठी सपाट भागात रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. पूर्वी शौचालयाचा लाभ घेतलेला नसेल, तर त्याचे १२ हजार वेगळे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना महाराष्ट्राने ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. सगळे मिळाले तर बेरीज २ लाख १० हजारांच्या आसपास जाते.

ही बेरीज कागदावर एका ओळीत मावते, पण हातात कधीच एकदम येत नाही. पहिला हप्ता मंजुरीनंतर येतो. पुढचा प्रत्येक हप्ता ठरलेला टप्पा बांधून झाल्यावर, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवणारा फोटो मोबाइलमधून चढवला गेला आणि तो तपासला गेला, की मिळतो. रोजगार हमीची मजुरी हजेरीपट निघाला तरच मिळते. शौचालयाचे पैसे शौचालय झाल्यावर.

पद्धतीमागचा विचार रास्त आहे. सगळी रक्कम एकदम दिली, तर ती आजारपणात, लग्नात किंवा जुन्या देण्यात जाण्याचा धोका असतो. पण परिणाम शेतीसारखा होतो. बियाणे आधी विकत घ्यावे लागते आणि माल सुगीनंतर विकला जातो. जोत्यापासून चौकटीपर्यंत जायचे, तर विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी आधी द्यावी लागते. भट्टीवाला फोटो तपासला जाण्याची वाट पाहत नाही. ज्या घरात हा मधला खर्च करायला थोडी शिल्लक असते, एखादा भाऊ नोकरीला असतो किंवा दुकानदार उधारीवर माल देतो, ते घर पुढे सरकते. जिथे यातले काहीच नसते, तिथे पुढचा हप्ता मंजूर असूनही मिळत नाही, कारण तो मिळवण्यासाठी बांधायचा टप्पा बांधता येत नाही. जोत्यावरचे गवत बहुतेक वेळा याच फटीत उगवते.

यादीतले नाव आणि पायाखालची जागा

तरुणांची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. २०१६ च्या योजनेची पहिली यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणावरून झाली. आज पंचविशीत असलेला मुलगा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता आणि वडिलांच्या कुटुंबात मोजला गेला. लग्न होऊन तो वेगळा राहू लागला, त्याची चूल निराळी झाली, पण यादीला त्याचा पत्ता नव्हता. नंतर २०१८ मध्ये ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झाले आणि २०२४ पासून नवे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. त्या वेळी निकषही सैल झाले. आधी दुचाकी असलेले कुटुंब आपोआप बाद होत असे. ती अट गेली. मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर नेण्यात आली. हा बदल तरुणांसाठी मोठा आहे, कारण मजुरीला तालुक्याला जाणाऱ्या पोराची जुनी मोटारसायकल ही चैन नसते.

यादीत नाव आले की जागेचा प्रश्न येतो. गावठाणातले जुने घर आजोबांच्या नावावर, शेताच्या सातबाऱ्यावर काका-आत्यांसह आठ-दहा नावे, आणि मुलगा राहतो ती खोली कोणाच्याच कागदावर नाही, अशी स्थिती सर्रास आढळते. घरकुलासाठी जागा अर्जदाराची असल्याचा पुरावा लागतो. गावठाणात तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. वडिलांच्या नावावरची जागा मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने देता येते. निवासी किंवा शेतजमीन अशी अपत्याला देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च व स्थानिक अधिभार निराळा. ज्यांच्याकडे जागाच नाही, त्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी अर्थसाहाय्य मिळते. ते आधी ५० हजारांपर्यंत होते, आता १ लाखापर्यंत आहे.

या साऱ्यात पैशाइतकीच गरज असते ती कोणीतरी सोबत असण्याची. आधार कार्डावर नाव एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे. आडनावातला एक काना निराळा असला तरी हप्ता अडतो. खाते आधारशी जोडलेले नसेल तर रक्कम परत जाते. रोजंदारीवरच्या माणसाला तालुक्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी गमावणे, आणि काम एका खेपेत क्वचितच होते. कागद वाचता येणाऱ्या आणि साहेबाच्या टेबलापुढे न बुजणाऱ्या माणसाने दिलेले दोन दिवस इथे पाच हजारांच्या देणगीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

बांधकामाचा हंगाम, मजुरीचा हंगाम

खेड्यात घर बांधायचा काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या आत संपवावा लागतो. पावसात पाया खणता येत नाही, भट्ट्या बंद असतात, ट्रॅक्टर रानातून आत येत नाही. नेमक्या याच काळात बीड, अहिल्यानगर, जालना भागातली ऊसतोड कुटुंबे उचल घेऊन कारखान्यांवर गेलेली असतात. वीटभट्टीची कामेही याच महिन्यांत चालतात. म्हणजे इतरांच्या घराच्या विटा थापणारा माणूस स्वतःच्या घराच्या जागेवर नसतो.

मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण व्हावे अशी योजनेची अपेक्षा आहे. ऊसतोड कुटुंबाला त्यातले जेमतेम दोन-अडीच कोरडे महिने गावात मिळतात : कारखाना बंद झाल्यापासून पाऊस येईपर्यंतचे. तेही कडक उन्हाचे आणि पाणीटंचाईचे, तर सिमेंटच्या कामाला पाणी सर्वांत जास्त लागते. रोजगार हमीचे ९० दिवस याच कात्रीत सापडतात. अशा कुटुंबाचे घर पूर्ण व्हायचे असेल, तर पायाचे काम दसऱ्याच्या सुमारास, टोळी निघण्याआधी उरकणे आणि जागेवर लक्ष ठेवायला घरचे एखादे माणूस मागे राहणे, यावर बरेच अवलंबून असते.

जमिनीखाली गेलेला पैसा

देणाऱ्याला दिसणाऱ्या वस्तू द्यायला आवडतात : दरवाजा, फरशी, रंग. पाया कोणाला दिसत नाही, आणि घराचे आयुष्य तिथेच ठरते. विशेषतः काळ्या जमिनीत.

दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पानांच्या थप्पीसारखे असतात आणि पाणी त्या पानांमध्ये शिरते. भिजत घातलेला हरभरा जसा रात्रीत दुप्पट दिसतो, तशी ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावर नुसते टेकवले, तर दरवर्षी ते उचलले जाते आणि खाली बसते. सगळीकडे सारखे बसले तर निभावले असते, पण न्हाणीच्या बाजूची माती ओली राहते आणि उन्हाच्या बाजूची कोरडी. म्हणून भिंतीला तिरपी चीर पडते, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून.

पाया खाली मुरूम लागेपर्यंत नेणे हा यावरचा साधा उपाय. काळीचा थर फार खोल असेल, तर चरातली काळी माती काढून त्या जागी मुरूम थराथराने धुमसून भरतात, म्हणजे मातीच्या हालचाली आणि भिंत यांच्यामध्ये एक न फुगणारी गादी येते. तिसरी गोष्ट स्वस्त आहे आणि तीच राहून जाते : घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला फरसबंदीचा पट्टा. तो पावसाचे आणि मोरीचे पाणी पायापासून दूर नेतो. कोकणात जांभा दगड किंवा कडक कातळ हाताशी असल्याने हा खर्च वाचतो. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या पट्ट्यात तो टाळता येत नाही. अनुदान मात्र दोन्हीकडच्या सपाट गावांना सारखेच असते.

जोत्यावर घर थांबण्याचे आणखी एक कारण इथेच आहे. योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसह. पण घर आयुष्यात एकदाच होते, पाहुण्यांना दाखवायचे असते, भाऊबंदांचे मोठे असते. म्हणून जोते ५०० चौरस फुटांचे आखले जाते. पहिले दोन हप्ते जमिनीखाली आणि भरावात जातात आणि भिंतीला काही उरत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे सगळ्यांना माहीत असते, पण आखणीच्या दिवशी ते सांगणारे जाणते माणूस दोरीशी उभे नसते. लहान घर आधी पूर्ण करून एका बाजूला वाढीची जागा सोडणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. पूर्ण झालेल्या २७० फुटांत संसार होतो. अर्धवट ५०० फुटांत शेळ्या बांधल्या जातात.

चौकट : पंधरा बाय अठराच्या घराचा हिशोब

आतून १५ फूट × १८ फूट, मध्ये एक भिंत, ९ इंची वीटकाम, स्लॅबचे छत, असे घर धरले तर :

जोते २ फूट उंच असेल, तर भराव ५४० घनफूट, म्हणजे ५.४ ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट). धुमसल्यावर मुरूम दबतो, म्हणून सुटा मुरूम सुमारे ७ ब्रास लागतो.

भिंतींना दारे-खिडक्या वगळून सुमारे साडेसात हजार विटा.

५ इंची स्लॅबला सव्वा ब्रासहून थोडे अधिक काँक्रीट, म्हणजे साधारण ३० गोण्या सिमेंट आणि ३०० किलो सळई.

वाळू जुडाई, गिलावा, स्लॅब आणि जमीन मिळून ४ ते ५ ब्रास. महाराष्ट्राच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे. वाहतुकीची सोय मात्र करावी लागते.

सिमेंट वाळत नाही, लागते

पैसा कमी असताना घर कमकुवत होते ते बहुतेक वेळा पाण्याच्या दोन चुकांमुळे, आणि त्या दोन्ही फुकटात टाळता येतात.

पहिली चूक कालवताना होते. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच मोजायचे असते. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून बादलीमागून बादली ओतली जाते. सिमेंटला जेवढे पाणी लागते तेवढे ते धरून ठेवते, बाकीचे हळूहळू उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. जाळीदार झालेल्या काँक्रीटची ताकद घटते, आणि पुढे त्याच पोकळ्यांतून ओल सळईपर्यंत पोचते.

दुसरी चूक नंतरची. सिमेंट वाळून घट्ट होते अशी समजूत आहे. वास्तविक ते विरजणासारखे लागते : पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन स्फटिक वाढत जातात आणि एकमेकांत गुंततात. दह्याप्रमाणेच थंडीत ही क्रिया मंदावते आणि लागत असताना ढवळले तर बिघडते. फरक एवढाच की सिमेंटला लागताना वरून ओलावा हवा असतो. तो तुटला की क्रिया तिथेच थांबते. पहिल्या ७ दिवसांत काँक्रीट आपल्या ताकदीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मिळवते, आणि पूर्ण ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. राखमिश्रित सिमेंटला, जे आज खेड्यांतल्या दुकानांत सर्रास मिळते, निदान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते.

दहा दिवस, दिवसातून तीन-चारदा पाणी. एप्रिलमध्ये, जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते तिथे. स्लॅबवर मातीचे छोटे वाफे करून त्यात पाणी साठवणे आणि भिंतींना ओली पोती लावणे, यांनी कमी पाण्यात भागते. ज्या शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याने दहा दिवस दिलेला एक नळ हा त्या घराला मिळालेला मोठा हातभार असतो.

साठवणीचाही विचार करावा लागतो. भाव वाढेल या भीतीने पन्नास गोण्या आधीच आणून ठेवल्या आणि हप्ता लांबला, तर हवेतल्या ओलीने सिमेंट गोणीतच लागू लागते. तीन महिन्यांत त्याची सुमारे पाचव्या हिश्शाने ताकद जाते. म्हणून मदत म्हणून एकदम सिमेंट आणून टाकण्यापेक्षा काम सुरू होईल त्या आठवड्यात दुकानदाराकडे पैसे भरणे बरे.

पेंढीची दोरी

एकमजली पंधरा-अठरा फुटी घरात भिंती स्वतःच छताचा भार पेलू शकतात. शहरातल्या इमारती पाहून खेड्यातही कॉलम उभे करण्याची पद्धत पडली आहे, आणि पातळ सळईचे, नीट न कोंबलेल्या मालाचे चार कॉलम भरभक्कम भिंतीपेक्षा जास्त फसवे असतात. तो पैसा आडव्या पट्ट्यांत घालणे शहाणपणाचे. जोत्याच्या पातळीवर एक आणि दारांच्या चौकटींवर एक, अशी सळई घातलेली काँक्रीटची सलग पट्टी घराच्या सगळ्या भिंतींवरून फिरवली जाते. कडब्याची ताटे सुटी उभी केली तर कलंडतात, दोरीने आवळली की पेंढी उभी राहते. पट्टी भिंतींना तसेच एकत्र धरते.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. तिथली माळवदी घरे उन्हाळ्यात थंड राहत, पण त्यांच्या जाड भिंती चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या आणि डोक्यावर फूट-दीड फूट मातीचा थर होता. हादऱ्याने भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटले, कोपरे उघडले आणि माती खाली आली. भिंतींना बांधून ठेवणारे आडवे काही नव्हते.

भिंतीतच बचतही करता येते. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचण्याची ‘रॅट ट्रॅप’ पद्धत रुळवली. यात ९ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर कमी तापते. वरच्या हिशोबात अठराशे-एकोणीसशे विटा वाचतात. अट अशी की विटा सरळ कडांच्या हव्यात आणि गवंड्याला ही रचना येत असावी. कोपऱ्यात आणि दारांच्या बाजूला पोकळी भरून काढावी लागते. गावातला गवंडी नवी रीत नाकारतो, ती हट्टाने नव्हे. बिघडले तर नाव त्याचे जाते. त्याला आधी एखादी न्हाणी किंवा कुंपणाची भिंत या पद्धतीने बांधू दिली, की भरवसा येतो.

स्लॅबचा दिवस

बांधकामात एकच दिवस असा असतो, की ज्या दिवशी मजूर, पैसा आणि पाणी सारे एकाच वेळी लागते. पाणी घातल्यापासून सिमेंट लागायला तास-अर्ध्या तासातच सुरुवात होऊ शकते, म्हणून कालवलेला माल लगेच टाकून कोंबावा लागतो. सव्वा-दीड ब्रासचा स्लॅब सकाळी सुरू करून त्याच दिवशी संपवायचा असतो. अर्धा आज, अर्धा पैसे आल्यावर, असे केले तर दोन भागांत सांधा राहतो आणि पहिल्या पावसात पाणी त्या सांध्यातून झिरपते. मिक्सर, घमेली पोचवणाऱ्यांची रांग, माल ओढणारा गवंडी, असे पंधरा-वीस जण लागतात.

रानात यासाठी जुनी रीत आहे. ज्याची नांगरट मागे पडली, त्याच्या शेतावर गाव बैल-औते घेऊन जाई आणि मालक जेवण घाली; त्याला इर्जिक म्हणतात. कोकणात आणि मावळात लावणीच्या वेळी सावड चालते. स्लॅबच्या दिवशी तरुणाच्या वयाची दहा-बारा पोरे सावडीने आली, तर त्या दिवसाचा मजुरीचा खर्च मिक्सर आणि जेवणावर येतो. पुढे त्यांतल्या प्रत्येकाच्या स्लॅबला त्याने जायचे असते.

सेंट्रिंगच्या प्लेटांचे भाडे रोजावर असते, म्हणून त्या लवकर काढण्याचा मोह होतो. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने एक प्लेटांचा संच घेऊन घरकुलांना फिरवला, तर हा मोह राहत नाही. आणि स्लॅब झेपतच नसेल, तर चांगल्या कैच्यांवर कौले किंवा पत्रा घालून राहायला जाणे हे अर्धवट स्लॅबची वाट पाहण्यापेक्षा केव्हाही चांगले.

फिरते पैसे

मधल्या फटीवर सर्वांत नेमका उपाय फिरत्या निधीचा आहे. दहा माणसांनी, मग ते गावातले नोकरदार असोत, मुंबई-पुण्याला गेलेले गावकरी असोत किंवा शाळेचे माजी विद्यार्थी, प्रत्येकी ५ हजार काढले तर ५० हजार होतात. ही रक्कम एका घराला जोते ते चौकट या टप्प्यासाठी बिनव्याजी द्यायची. टप्पा झाला, फोटो चढला, हप्ता आला, की ती परत घेऊन पुढच्या टप्प्याला किंवा पुढच्या घराला द्यायची. देणगी एकाच घरात संपते. हीच रक्कम फिरत राहिली तर एका कोरड्या हंगामात एकाहून अधिक घरांच्या अडलेल्या पायऱ्या ओलांडते. सावकाराचे किंवा मुकादमाचे पैसे हेच काम करतात, पण ते पुढच्या हंगामाची मजुरी गहाण ठेवून.

सगळे पैसे परत येतील असे धरणे मात्र चूक. अनुदानात घराचा पूर्ण खर्च बसत नाही. वरचा वाटा कुटुंबाची बचत, माहेरची मदत, गटाचे कर्ज यांतून येतो. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ७० हजारांपर्यंतच्या बँक कर्जाची सोय सांगितली आहे, पण हातावर पोट असलेल्याला ते मिळवायलाही पुन्हा कोणाची तरी सोबत लागते. म्हणून निधीतला काही भाग परत न मागण्याचा, असे आधीच ठरवावे आणि तो पायासाठी किंवा शौचालयासाठी द्यावा.

रक्कम कुटुंबाच्या हातात द्यावी की दुकानदाराकडे भरावी, यावर दोन मते आहेत. सिमेंट-सळईची बिले थेट भरली तर पैसा दुसरीकडे वळत नाही, हे खरे. पण कोणत्या भट्टीची वीट, कोणता गवंडी, दार कोणत्या दिशेला, हे घर बांधणाऱ्यानेच ठरवायला हवे. योजनाही ठेकेदाराला काम द्यायला मनाई करते, ती याच कारणाने. मदत करणाऱ्यांची नावे कोरलेली फरशी दाराशी लागली, तर त्या घरात वाढणारी मुले ती रोज वाचतात; ती लावू नये.

उताऱ्यावरचे नाव

छत झाले, दार बसले, शेवटचा हप्ता आला, तरी एक काम उरते. योजनेत घर पत्नीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर करण्यावर भर आहे, पण मंजुरीपत्रावरचे नाव आपोआप ग्रामपंचायतीच्या दप्तरात उतरत नाही. नव्या बांधकामाची नोंद नमुना ८ ला करून घ्यावी लागते, आणि ती करताना दोघांची नावे लावण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. तरुण वयात विधवा झालेल्या किंवा टाकलेल्या स्त्रीला त्या घरात राहता येते की दिराच्या दारात उभे राहावे लागते, हे या नोंदीवर ठरते. घरपट्टीची पावती याच उताऱ्यावर निघते, आणि विजेच्या मीटरच्या अर्जाला व पुढे वाढीव खोलीसाठी कर्ज मागताना हाच कागद जोडावा लागतो.